परवानगी देणारी आई : केटे कोलवित्झ आणि अठरा वर्षं चाललेलं एक शिल्प



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'माझे आवडते चित्रकार' असा छापलाय. शाळेतल्या निबंधासारखा. पण ते अनेकवचन मला झेपणारं नाही. मी आज एकाच चित्रकर्तीबद्दल बोलणार आहे, आणि शेवटी आपल्या अंधेरीत राहून गेलेल्या एका माणसाबद्दल थोडंसं. आयोजकांनी विषयाखाली एक प्रश्नही टाकलाय, 'त्यांचं काम मनाला का भिडतं?' खरं तर त्या प्रश्नासाठी मी आले.

चित्रकर्तीचं नाव केटे कोलवित्झ. जर्मन. जन्म १८६७, मृत्यू १९४५. आधी हे चित्र बघा, चरित्र मग.

(पडद्यावर : 'मृत मुलासह स्त्री', १९०३)

हे एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून घेतलेला छाप. एक बाई मांडी घालून बसलीय. अंगावर वस्त्र नाही. मेलेलं मूल तिने इतकं घट्ट कवटाळलंय, की तिचं तोंड त्याच्या छातीत रुतलंय. मुलाची मान मागे कलंडलीय. बाईचा चेहरा धड दिसतसुद्धा नाही. अश्रू नाहीत, आकाशाकडे पाहणं नाही. ज्यांनी मेलेलं वासरू चाटत बसलेली गाय पाहिलीय, त्यांना हे चित्र मी समजावून सांगायची गरज नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात असताना, एका काळपट झेरॉक्सवर. निम्मे तपशील शाईत बुडालेले होते. तरी ते पान मी वहीत ठेवू शकले नाही आणि फेकूही शकले नाही. बरीच वर्षं मला वाटत होतं की या बाईचं मूल गेलं असणार, त्याशिवाय असं कोण काढेल? पुढे कळलं की मूल गेलेलं नव्हतं. केटेने आरशासमोर बसून, स्वतःच्या सात वर्षांच्या धाकट्या मुलाला, पेटरला, मांडीवर घेऊन हे रेखाटलं होतं. अवघडलेल्या बैठकीत ती कण्हायला लागली, तेव्हा पेटरनेच तिची समजूत घातली, की काळजी करू नकोस, चित्र छान होणार आहे. प्रदर्शनात हे चित्र पाहून तिची एक जुनी मैत्रीण घाबरून गेली होती. तिला वाटलं, पेटरला काही झालं की काय.

अकरा वर्षांनी झालं. पेटर गेला, अठराव्या वर्षी, पहिल्या महायुद्धात. त्याला तिकडे जाता यावं म्हणून घरात शब्द टाकला होता तो या आईनेच. आजचं सगळं व्याख्यान या एका गोष्टीभोवती आहे.

आता थोडं मागे जाऊ. केटेचा जन्म क्योनिग्सबर्गचा, म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राड. आजोबा धर्मोपदेशक, पण अधिकृत चर्चशी न पटल्याने स्वतंत्र मंडळी स्थापन केलेले. वडील कायदा शिकलेले, पण मतं अशी की प्रशियन सरकारात नोकरी करणं जमेना, म्हणून गवंडीकाम शिकून घरं बांधायला लागले. मुलगी चांगलं काढते म्हटल्यावर या बापाने तिला शिकायला धाडलं. कला अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता, त्यामुळे बर्लिन आणि म्युनिकच्या स्त्रियांसाठीच्या चित्रशाळांत ती शिकली. १८९१ मध्ये कार्ल कोलवित्झ नावाच्या डॉक्टरशी लग्न झालं आणि दोघं उत्तर बर्लिनच्या कामगार वस्तीत राहायला आले. कार्ल कामगारांच्या आजारपण-विमा मंडळाचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका आपलं रडगाणं डॉक्टरपेक्षा डॉक्टरच्या बायकोकडेच जास्त सांगत असणार. तिच्या चित्रांतले खांदे, हात, पोटुशा बायकांचं उभं राहणं, हे सगळं तिथलं आहे. स्टुडिओत मॉडेल बसवून ते मिळत नाही.

१८९३ मध्ये तिने गेरहार्ट हाउप्टमानचं 'विणकर' हे नाटक पाहिलं. १८४४ साली सायलेशियातल्या हातमागवाल्यांनी केलेला उठाव हा त्याचा विषय. जाहीर प्रयोगाला बंदी होती, म्हणून तो खासगी प्रयोग होता. ती घरी आली आणि हातातलं काम बाजूला टाकून चार वर्षं त्याच विषयाला लागली. तीन शिळाछाप, तीन एचिंग, अशी सहा चित्रं. १८९८ च्या बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात ज्येष्ठ चित्रकार मेन्झेल यांच्यासारख्या परीक्षकाने पदकासाठी तिचं नाव सुचवलं. कैसर दुसरा विल्हेल्म याने ते नाकारलं. पुढच्या वर्षी ड्रेस्डेनने पदक दिलं. कैसरची नापसंती ही त्या काळात बरी जाहिरात होती, असं म्हणायला हरकत नाही.

ती मोठी चित्रकर्ती १९१४ च्या आधीच झालेली होती. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ते विणकर लगेच ओळखीचे वाटतील. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तोवरचं दुःख दुसऱ्यांचं होतं. ती त्याच्या बाजूला उभी होती, मनापासून उभी होती, पण बाजूला. दुसऱ्याचं दुःख काढणारे चांगले चित्रकार जगात पुष्कळ आहेत, ते पाहून आपण हळहळतो आणि घरी जातो.

ऑगस्ट १९१४. युद्ध जाहीर झालं. बर्लिनच्या रस्त्यांवर उत्साह होता, आणि समाजवादी घरंही त्यातून सुटली नाहीत. पेटरला स्वयंसेवक म्हणून सैन्यात जायचं होतं. तो सज्ञान नव्हता, वडिलांची संमती लागणार होती. कार्ल नाही म्हणाला. पेटर वाद घालत राहिला, मग त्याने आईकडे नुसतं पाहिलं. ती उठली, दारापाशी मुलाला जवळ घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, जाऊ दे त्याला. हे कुठल्या शत्रूने लिहून ठेवलेलं नाही, तिच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर पेटर घरून निघाला. २२ ऑक्टोबरच्या रात्री बेल्जियममध्ये, डिक्समाउडेजवळ, तो मारला गेला. जेमतेम दहा दिवस.

तिच्याकडे तुच्छतेने पाहू नका. आपण आज शंभर वर्षांनी शहाणे आहोत. देशासाठी काहीतरी द्यावं, उदात्त काहीतरी करावं, असं अठरा वर्षांच्या पोराला वाटलं, आणि त्याच्या डोळ्यांतलं ते तेज आईला मोडवेना. कुठल्याही काळातली कुठलीही चांगली आई यात सापडू शकते, आणि म्हणूनच ही गोष्ट भीतिदायक आहे.

त्याच वर्षी, डिसेंबरात, तिने पेटरचं स्मारक करायचं ठरवलं. पहिली कल्पना अशी : हाफेल नदीवरच्या उंचवट्यावर पेटरचा आडवा देह, उशाशी वडील, पायथ्याशी आई. सगळ्या तरुण स्वयंसेवकांच्या बलिदानाचं स्मारक. 'बलिदान' हा शब्द तेव्हा तिच्या मनात खरा होता. ती कामाला लागली. होईना. मोडलं, पुन्हा केलं, पुन्हा होईना.

का होईना? मला वाटतं ही हाताची अडचण नव्हती. युद्ध लांबलं तशी तिला शंका यायला लागली की या पोरांना फसवलं गेलं. मग बघा काय पेच होतो. युद्ध योग्य होतं म्हणावं तर ते खोटं आहे, हे तिला दिसत होतं. चूक होतं म्हणावं तर पेटरच्या मरणाला अर्थ राहत नाही, तो ज्या श्रद्धेने गेला तिच्याशी ही गद्दारी, आणि शिवाय आपण ती परवानगी कशासाठी मिळवून दिली? बलिदानाचं शिल्प करायला बलिदानावर विश्वास लागतो. तो आतून पोखरत चालला होता आणि माती ते बरोबर ओळखत होती. माती खोटं बोलू देत नाही, असं आमचे एक सर म्हणायचे. तेव्हा मला ते वाक्य जरा भारी भारी वाटायचं.

ऑक्टोबर १९१८. जर्मनी हरत आलेला. रिशार्ड डेमेल नावाच्या नामवंत कवीने आवाहन केलं की उरलेल्यांनी अजून पुढे व्हावं, शेवटपर्यंत लढावं. केटेने त्याला वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर दिलं : पुरे झालं, आता एकही माणूस नको. त्यात तिने ग्योटेच्या एका वचनाचा आधार घेतला, पेरणीचं बियाणं दळायला काढू नये अशा अर्थाच्या. हे आपल्या शेतकऱ्याला जर्मन न येता कळतं. कितीही दुष्काळ पडो, घरात पीठ नसो, बियाण्याचं गाडगं फोडायचं नसतं.

हे उत्तर लिहिणारी बाई आणि चार वर्षांपूर्वी दारापाशी उभी राहिलेली बाई एकच आहे. मधली चार वर्षं तिला लागली. १९१९ मध्ये तिने पेटरचं स्मारक गुंडाळून ठेवलं, पण सोडून दिलं नव्हतं. पुन्हा येईन, असं ती स्वतःशी म्हणून गेली.

त्याच वर्षी प्रशियन कला अकादमीने तिला सभासद करून घेतलं आणि प्राध्यापक ही पदवी दिली. तिथवर पोहोचलेली ती पहिली स्त्री. ते एका वाक्यात सांगून मी पुढे जाते, कारण तिच्या दृष्टीनेही ते एका वाक्याचंच असावं.

१९२० मध्ये तिने एर्न्स्ट बारलाखचे वुडकट पाहिले, लाकडी ठशाची चित्रं, आणि तिला आपला रस्ता सापडला. एचिंगमध्ये बारीकसारीक छटा मिळतात. लाकडावर कोरणी चालवली की काळं किंवा पांढरं, मधलं जवळपास काही नाही. 'युद्ध' ही तिची सात ठशांची मालिका यातून झाली. या सात चित्रांत रणांगण नाही, तोफ नाही, खंदक नाही. दोन चित्रं दाखवते.

(पडद्यावर : 'स्वयंसेवक')

मृत्यू ढोल वाजवत पुढे चाललाय आणि पोरं त्याच्यामागे ओढली जाताहेत, तोंडं उघडी, डोळे जवळजवळ मिटलेले. मृत्यूच्या अगदी लगत जो आहे, तो पेटर. ते भारावलेपण तिने खोटं ठरवलेलं नाही. त्या चेहऱ्यांवर खरोखरच काहीतरी उतरलंय, आणि ढोल कोण वाजवतंय ते आपल्याला दिसतं, त्यांना दिसत नाही.

(पडद्यावर : 'आईवडील')

गुडघ्यावर बसलेली दोन माणसं, एकमेकांवर कोसळलेली. एकच काळा ढीग. कुणाची पाठ, कुणाचा हात, हे शोधावं लागतं. हे चित्र डोळ्यांत ठेवा, कारण आता आपण शिल्पाकडे जाणार आहोत.

१९२५ च्या सुमाराला तिने स्मारकाचं काम पुन्हा हातात घेतलं. पुढच्या वर्षी ती आणि कार्ल बेल्जियममध्ये पेटरची कबर पाहून आले. आता कल्पना पार बदलली होती. पेटरचा देह काढून टाकला. बलिदान देणारा तरुणच शिल्पातून गेला. उरले फक्त आईवडील, गुडघे टेकलेले. दोन वेगळे चौथरे, दोन वेगळ्या आकृती. १९३२ मध्ये शिल्पं ग्रॅनाइटमध्ये उतरली आणि जुलैत रोग्गेवेल्डेच्या सैनिकी दफनभूमीत बसवली गेली. कल्पना सुचल्यापासून साडेसतरा वर्षं झाली होती. पेटर जगला, जवळजवळ तेवढीच.

(पडद्यावर : 'शोकाकुल आईवडील', व्लाड्स्लो)

मी स्वतः तिथे गेलेली नाही, फोटोच पाहिलेत, हे सांगून टाकते. वडील ताठ आहेत. हात स्वतःभोवतीच आवळून घेतलेत, सोडले तर आपण पडू असे. आई पुढे वाकलीय, मान खाली, अंगावरचं वस्त्र गच्च ओढलेलं. वुडकटमध्ये ही दोघं एक ढीग होती. दगडात दोघांच्या मध्ये रिकामी जागा आहे. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, एकमेकांना धरत नाहीत. एकाच मुलाचं मरण, पण एक नाही म्हणाला होता आणि एक जाऊ दे म्हणाली होती, ते ओझं वाटून घेता येत नाही. हा अर्थ मी लावतेय, तिने असं लिहिलेलं नाही. पण ती मधली जागा पाहताना मला दुसरं काही सुचत नाही.

आणि गुडघे. जगभर युद्धस्मारकं आहेत, त्यांत सैनिक उभा असतो, घोडा उधळलेला असतो, वर देवदूत असतो. इथे थोरले धाकट्यांसमोर गुडघे टेकून आहेत. हे नुसतं रडणं नाही, ही माफी आहे. आईवडिलांच्या पिढीने मुलांच्या पिढीची मागितलेली माफी, आणि मागणाऱ्यांमध्ये शिल्पकार स्वतः पहिली. म्हणून ते काम पाहून मला नुसती हळहळ वाटत नाही. आपण कुठे कुठे 'जाऊ दे त्याला' म्हटलंय, ते आठवायला लागतं.

पुढे १९५० च्या दशकात ती दफनभूमी हलवली, कबरी आणि शिल्पं जवळच्या व्लाड्स्लोला गेली. तिथे २५ हजारांहून जास्त जर्मन सैनिक पुरलेले आहेत. पेटरचं नाव आईवडिलांच्या अगदी समोरच्या फरशीवर आहे, इतर सैनिकांच्या नावांबरोबर.

शिल्प बसवल्यानंतर सहा महिन्यांत हिटलर सत्तेवर आला. नाझींविरोधात डाव्यांनी एकत्र यावं, अशा आवाहनावर सही केली म्हणून केटेला अकादमीतून बाहेर पडावं लागलं. १९३६ मध्ये गेस्टापोने घरी येऊन छळछावणीची धमकी दिली. १९४० मध्ये कार्ल गेला. १९४२ मध्ये नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचंही नाव पेटर होतं, काकाच्या नावावरून ठेवलेलं. त्या काळातला तिचा शेवटचा शिळाछाप हा :

(पडद्यावर : 'बियाणं दळायचं नाही')

म्हातारी आई, दोन्ही हात पसरून तीन पोरांना पदराखाली दाबून धरलंय. पोरं गोड बिड नाहीत, डांबरट आहेत, बाहेर निसटायला बघताहेत. तिचे हात मात्र पाहा. १९१४ साली जे हात बाजूला झाले होते, ते इथे आहेत. १९४३ मध्ये बाँबहल्ल्यात बर्लिनचं घर गेलं, त्यात पुष्कळ कामही जळालं. २२ एप्रिल १९४५ ला ड्रेस्डेनजवळ मोरित्झबुर्गला ती वारली. युद्ध संपायला दोन आठवडे होते.

आता अंधेरीकडे यायचंय, पण वाट चीनमधून जाते. १९३१ च्या फेब्रुवारीत शांघायमध्ये सरकारने काही तरुण लेखकांना गोळ्या घातल्या. त्यांत रोउ शी हा लू शुन यांचा मित्र होता. त्याची आई आंधळी होती. लू शुन यांनी एका मासिकात केटेचा 'बलिदान' हा वुडकट छापला : एक आई तान्हं मूल दोन्ही हातांवर पुढे धरतेय. त्यांच्या मनात ती मित्राला वाहिलेली खासगी श्रद्धांजली होती. १९३६ मध्ये, मरण्यापूर्वी काही महिने, त्यांनी केटेच्या चित्रांचं पुस्तक काढलं. प्रस्तावना अ‍ॅग्नेस स्मेडली यांची, ज्या बर्लिनमध्ये सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ यांच्या सोबत राहिल्या होत्या. जग कधी कधी फार लहान असतं. चीनमधल्या तरुणांनी यातून लाकडी ठसे शिकले, आणि ते चिनी ठसे पुढे बंगालच्या चित्रकारांपर्यंत पोहोचले.

त्यांतले एक चित्तप्रसाद. जात सांगणारं आडनाव त्यांनी टाकून दिलं होतं. १९४३ च्या दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरले आणि भुकेल्यांची चित्रं काढली, बऱ्याच चित्रांखाली त्या माणसाचं नाव, गाव लिहून. 'हंग्री बेंगॉल' नावाने ती छापली, तर इंग्रज सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. १९४६ मध्ये ते मुंबईला आले आणि आयुष्याचा बराच काळ अंधेरीतल्या एका खोलीत राहिले. लिनोकट करायचे, मुलांसाठी कठपुतळ्या करायचे. केटेच्या बायकांना नावं नाहीत, चित्तप्रसादांच्या माणसांना आहेत. केटेने स्वतःला आरोपी केलं. चित्तप्रसादांना ती गरज नव्हती, आरोपी समोर होता. पण लिनोलियमवरची ती काळी-पांढरी रेघ, स्वस्तात छापता येणारी आणि कुणाच्याही भिंतीवर लावता येणारी, त्याच घराण्यातली आहे.

वेळ संपत आली. एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : त्यांची पोस्टरं पाहिली की ती प्रचारकी वाटते. तुम्हाला नाही वाटत?

काही ठिकाणी वाटते. 'पुन्हा युद्ध नको' हे १९२४ चं पोस्टर प्रचारच आहे, आणि कलेचा असा उपयोग व्हावा हे तिला मान्य होतं, लपवलेलं नाही. मला त्यापेक्षा तिच्या नावाने इतरांनी केलेला प्रचार जास्त खटकतो. बर्लिनच्या नॉये वाखे इमारतीत १९९३ मध्ये तिचं मांडीवर मृत मुलगा घेतलेल्या आईचं शिल्प राष्ट्रीय स्मारक म्हणून ठेवलं. मूळ शिल्प जेमतेम दीड-दोन वीत उंचीचं. ते चारपट मोठं केलं. वर ते युद्ध आणि जुलमी राजवट यांच्या सगळ्याच बळींना अर्पण. मारणारे आणि मारले गेलेले एका ओळीत बसवल्याबद्दल जर्मनीत तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती असं माझं मत आहे. जिने नेमकं स्वतःचं नाव घेऊन माफी मागितली, तिच्याच शिल्पाखाली कुणाचंच नाव न घेता दुःख करायची सोय केली.

प्रश्न : त्या दोन पुतळ्यांचे चेहरे खरोखरच त्यांचेच आहेत का? आणि नवऱ्याला याबद्दल काय वाटत होतं?

हो, त्यांचेच. वडील म्हणजे कार्ल, आई म्हणजे ती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तिच्या रोजनिशीतला एक प्रसंग सांगते, १९३२ मधला, बेल्जियमचा. पुतळे बसवून झाले होते. निघण्याआधी ती त्या आईसमोर जाऊन उभी राहिली, स्वतःच्याच चेहऱ्यासमोर. तिला रडू आलं आणि ती त्या दगडी गालांवरून हात फिरवत राहिली. कार्ल अगदी मागे येऊन उभा होता, तिला पत्ताच नव्हता. मग त्याचा हळू आवाज कानावर आला. तो नुसता हो म्हणत होता.